मळकं पुस्तक

६ सप्टेंबर २०२५
चाक आलं! विजेवर फिरणारं, मातीची भांडी करायचं. शाळेतून निवृत्त झाले तेव्हापासून मनात होतं. व्हरांड्यात स्कूटरच्या जागी बसवलं. स्कूटर गेली उन्हात, म्हणून आमचे नवरोजी अच्युतराव तापलेले. "या वयात कुंभारकाम? काहून?" मग अट घातली – दसऱ्यापर्यंत एक तरी सरळ कप दाखव, नाहीतर विकून टाकू.
मी हो म्हटलं. जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना भूगोल शिकवला, आता मला शिकायचंय. हे चाक मला हवंच आहे.

९ सप्टेंबर
क्लास लांब पडतो. म्हणून पुस्तक. इंग्रजी मागवलं – जाडजूड, गुळगुळीत. फोटो नुसते बघत बसावेत असे. पण सगळी तयार भांडी, हात कुठेच नाहीत! करायचं कसं ते त्या भांड्यांनाच ठाऊक.

१३ सप्टेंबर
आता हिंदी पुस्तक. "मृत्तिकापिंड को चक्र के केंद्र में स्थापित करें।" केला स्थापित. उडाला आणि कूलरला जाऊन चिकटला. अच्युतराव पेपरमधून मान वर न करता – "विसर्जन पण झालं का?"
राग आला, पण हसू आधी आलं.

१८ सप्टेंबर
कमानिया गेटजवळ जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेले. मातीकामाची दोन निघाली. एक कोरं करकरीत, एक मातीने माखलेलं. दुकानदार म्हणाला, "दीदी, साफ़ वाली ले जाइए, ये तो गंदी है।"
मला आईचं पाककृतींचं पुस्तक आठवलं. हळदीचे डाग ज्या पानावर, तो पदार्थ हमखास जमायचा. कोऱ्या पानांवरचं घरात कधी कुणी केलंच नव्हतं. मळकं उचललं. आत चित्रंच चित्रं, आणि प्रत्येकात हात! डाग पहिल्या पानापासून थेट कपाचा कान लावायच्या पानापर्यंत. म्हणजे आधीचा मालक तिथवर पोचला होता. मीही पोचेन.

२३ सप्टेंबर
माती मधोमध राहायला लागली! कोपर मांडीला टेकवायचं आणि घाई करायची नाही, एवढंच होतं. हिंदी पुस्तक कूलरखाली टेकण म्हणून लावलंय, तिथे उत्तम काम देतंय.
अच्युतराव मागे येऊन उभे राहिले. कारखान्यात सगळी नोकरी लेथ मशीनवर झाली त्यांची, उजव्या अंगठ्यावर तिरका व्रण आहे अजून. "हात हालून राहिला तुझा." म्हटलं, बसा मग तुम्हीच. "छे, आपल्याले नाही जमत असलं," म्हणत चहा ठेवायला गेले.

२७ सप्टेंबर
बादलीतलं पाणी सकाळी गढूळ. काल तर मी बसलेच नव्हते, शेजारच्या शैलजाकडे भुलाबाईच्या गाण्यांना गेले होते. मांजर असेल.

३० सप्टेंबर
परवा दसरा. एकही कप सरळ नाही. सगळे नदीकडे, तिलवाऱ्याच्या घाटाकडे मान करून बसलेत. दुपारी रडूच आलं. चाक जाणार म्हणून नाही फक्त – इतक्या वर्षांनी काहीतरी थोडंथोडं यायला लागलं होतं.
पण अट ती अट. जेवताना म्हटलं, "करा बंटीला फोन, ने म्हणावं चाक." बंटी म्हणजे ह्यांच्या मित्राचा मुलगा, चाक घ्यायला टपलेला. ह्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. "बेटा, मशीन में खराबी निकल आई है। अभी रहने दो।"
खराबी? लोण्यासारखं फिरतंय! विचारलं, तर म्हणाले, "तुला काय समजते मशीनमधलं." आणि ताट उचलून चालते झाले.

१ ऑक्टोबर
मळकं पुस्तक सकाळी चाकाशेजारी उघडं पडलेलं. कपाचा कान लावायचं पान. मी तिथवर अजून पोचलेले नाही. पानावर ओल्या मातीचा अंगठा – मधोमध तिरकी रेघ.