साफ करून आणलेलं पोट

९ मार्च, सकाळ

प्रिय ताई,

कशी आहेस? मी बरा आहे. नव्या खोलीत एक खुर्ची आहे, नळाला पाणी आहे. समोर चपला शिवणारा बसतो, तो दिवसभर एकच चाल शिट्टीवर वाजवतो, शेवट काही येत नाही. असो. फोनवर मी थापा मारतो, म्हणून कागद घेतला.

दाजी म्हणाले असतील, भिंगरी आलाच नाही. ताई, मी आलो होतो.

औषधांनी तुझ्या पोटातले चांगले जिवाणू मेले, दुखणं तिसऱ्यांदा उलटलं, आता निरोगी माणसाच्या शौचातले जिवाणू तुझ्या आतड्यात सोडायचे, हे दाजींनी समजावलं तेव्हा मी आधी हसत सुटलो. जन्मभर तुझ्याकडून घेतलं आणि द्यायची पाळी आली तर हे! मग हसू गेलं. आठ वर्षांत पहिल्यांदा कुणाला माझं काही हवं होतं.

तपासणीच्या बाईंनी खाणंपिणं विचारलं, मग औषधं. मी ऐटीत सांगितलं, येण्याआधी पाच दिवस अँटिबायोटिक घेतलंय.

"कोणी दिलं?"

"माझं मीच. तुमच्याकडे घाण नको, म्हणून पोट साफ करून आलोय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो, जे साफ केलंत तेच तर हवं होतं."

तीन महिने बाद.

तुझ्या वॉर्डपर्यंत आलो. दारातून फक्त तुझा हात दिसला. घड्याळ पार कोपरापर्यंत सरकलेलं. आत येऊन काय सांगणार होतो? जिना उतरलो. आठ वर्षांपूर्वी घरचा उतरलो होतो तसाच, न सांगता.

पण या वेळी शहर सोडलेलं नाही. बाई म्हणाल्या, जिवाणूंना चोथा लागतो. कडधान्यं, भाज्या, सालीसकट फळं, तेही वेळेवर. आता एकटा जेवताना आतल्या मंडळींना विचारतो, आज कोबी चालेल ना? उत्तर येत नाही, पण ताट संपतं.

तोवर दुसरं कोणी देणारं मिळालं तर उत्तमच. मला जरा वाईट वाटेल, पण उत्तमच.

इतकी वर्षं पाकिटावर माझा पत्ता नसायचा. आज लिहिलाय. तुझ्या हॉस्पिटलच्या मागची गल्ली. जूनपर्यंत बदलणार नाही. आत येऊ का, एवढंच कळव.

तुझा,
दारातून परतलेला
भिंगरी