काका, गाऱ्हाण्यांचं पुस्तक निघतंय!

तीर्थरूप काका,

तीर्थरूप लिहिलंय ते सवयीने. उगाच हुरळून जाऊ नका.

काल तुमचं तेरावं झालं आणि आज सकाळी पुण्याहून प्रकाशकांचा होकार आला. गावच्या गाऱ्हाण्यांवरचं माझं पुस्तक ते काढतायत! आणि तुम्ही नाही. थोडं थांबला असतात तर काय बिघडलं असतं? तुमच्या ओटीवर येऊन, तुमच्या तोंडावर तो होकार वाचून दाखवायचा होता मला. वर्षभर त्या एका आशेवर खपले. तेवढं सुखसुद्धा लाभू दिलं नाहीत. मेल्यावरही आडवे आलातच!

आठवतोय ना मागचा शिमगा? पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली होती. मुंबईवाले सगळे जमले होते. सगळ्या गावाच्या वतीने देवीला गाऱ्हाणं घालून तुम्ही नुकते वळला होतात. आवाज काय होता हो तुमचा! ढोलवालेसुद्धा हात आवरून ऐकायचे. तेवढं मी आजही नाकारत नाही. मी कौतुकाने म्हटलं, "काका, ही गाऱ्हाणी लिहून पुस्तक करायचं म्हणतेय. मला सांगाल?"

"बायकांनी गाऱ्हान्यात पडायचं न्हाय गो," तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात. "तू आपली कुळथाच्या पिठीचं पुस्तक काढ!"

सगळी सहाण खदाखदा हसली. सख्ख्या भावाची मुलगी मी, सावर्ड्याच्या शाळेत मराठी शिकवते, आणि माझी ही शोभा! वर मानकऱ्यांना बजावलंत, "हिला कुणी काय सांगायचं न्हाय." नाहीच सांगितलं कुणी. मी दारात दिसले की बाप्ये गोठ्याकडे वळायचे.

तेव्हाच ठरवलं, तुमच्या नाकावर टिच्चून पुस्तक काढायचं.

पण प्रकाशकाला काय पाठवतात, मला कुठे ठाऊक होतं? फोनवर संपादकबाई म्हणाल्या, "सगळं पुस्तक नको, आधी प्रपोजल पाठवा." बसले लिहायला. आणि काय लिहिलं असेल? गाऱ्हाणंच! आधी ग्रामदेवतेला हाक, मग आजूबाजूच्या गावांच्या देवांना, मग शिवेवरच्या रखवालदाराला. मग प्रकाशकांच्या मुलाबाळांना आयुष्य मागितलं. पुस्तकाचा विषय निघायला चौथं पान उजाडलं. काही मागायचं तर आपल्याकडे दुसरी रीत शिकवलीय कुणी?

बाई हसल्या, पण तुमच्यासारख्या नाही. म्हणाल्या, "ताई, देव राहू देत. पुस्तक कशाबद्दल, ते चार ओळींत सांगा. वाचणार कोण? दुसऱ्या पुस्तकांत नाही असं यात काय आहे? कुठल्या प्रकरणात काय येणार, तेही लिहा. आणि एक प्रकरण नमुन्याला पूर्ण करून पाठवा."

वाचणार कोण, हे सोपं होतं. शिमग्याला पोरांना घेऊन येणारे आपले मुंबईकर! गाऱ्हाण्यातल्या प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" जोरात ओरडतात, पण कशाला व्हय म्हणतोय ते त्यांना कळत नाही. बाकीचंही खोडत, पुन्हा लिहीत जमवलं. अडले ती त्यांनी फोन ठेवता ठेवता विचारलेल्या प्रश्नाशी. "हे पुस्तक तुम्हीच का लिहायचं?"

काय सांगणार? मान तुमचा, आवाज तुमचा. मला तर सहाणेची पायरी चढायची बंदी. रडले मी त्या प्रश्नावर. मग असा संताप आला की खरं होतं ते सगळं लिहून टाकलं.

लिहिलं की गाऱ्हाणं घालणाऱ्याचं तोंड देवीकडे असतं, माणसांकडे पाठ. बायका खाली उभ्या असतात. कुणाचं नाव घेतल्यावर कुणाचा चेहरा उजळला, कुणाचा पडला, ते त्यांनाच दिसतं. आणि बाबा गेले त्या वर्षीचा शिमगा लिहिला. एकेका घराचं नाव घेत तुम्ही देवीकडे सुख मागत होतात. शेजारच्यांचं घेतलंत आणि आमचं घर ओलांडून पुढे गेलात. घरात बाप्या उरला नाही, म्हणून! आई हात जोडून उभी होती. तिला आधी वाटलं, विसरले असतील, शेवटी घेतील. पालखी उठली तरी तिचे हात जोडलेलेच होते. तुम्हाला ते दिसलं नाही. मी तिच्या शेजारी होते, मला दिसलं.

तेच प्रकरण नमुन्याला पाठवलं. बाईंनी कळवलं, "हे फक्त तुम्हीच लिहू शकता."

ऐकलंत? तुम्ही मला खाली उभं ठेवलंत, म्हणून पुस्तक मिळालं मला! आता जळा तिथे बसून.

आणि एक शब्द देते तुम्हाला. प्रकाशन आपल्या सहाणेवरच करणार. कोण अडवतो बघतेच. त्या दिवशी गाऱ्हाणं मी घालणार. गेलेल्या माणसांनाही नाव घेऊन बोलवायची आपली रीत आहे. तुमचं नाव मी गाळणार नाही, काका. खणखणीत आवाजात घेईन. घेतलं की तुम्हाला यावंच लागेल. आलात की वर चढायचं नाही. खाली आईच्या शेजारी उभं राहायचं आणि माझं संपेपर्यंत हात जोडून ऐकायचं.

तुमच्या धाकट्या भावाची मुलगी,
वासंती