रुग्णवाहिका : कमाल तीन

मंगळवार, ता. ९, दुपारी दोन

प्रिय दादा,

नमस्कार. तुमच्या भागाला तीनच रुग्णवाहिका दिल्या, तो आकडा आमच्या कंपनीच्या युद्धाच्या खेळातून उचललेला आहे. नागरी संरक्षण कार्यालयातल्या नियोजनाच्या बाईंनी आज सकाळी फोनवर तसं कबूल केलं. आणखी चौदा गाड्या आगारात टाक्या भरून नुसत्या उभ्या आहेत.

आई बरी आहे. खिडक्यांच्या काचांवर कागदी पट्ट्या तिने एकटीने चिकटवल्या. माझ्या पट्ट्या तिरक्या जातात म्हणे. वहिनी आणि छकुली इथे आल्यापासून घर भरलंय. भोंगा झाला की छकुली आधी तुझी जुनी टोपी शोधते, मगच जिन्याखाली पळते. आम्ही हसतो. 

चौथी गाडी मागितली की कारकून ‘कमाल तीन’ म्हणतो, अगदी तुझ्या खेळासारखं, असं तू मागच्या पत्रात थट्टेने लिहिलं होतंस. म्हणूनच आज त्या कार्यालयात फोन लावला. गेल्या वर्षी त्यांनी कर्मचाऱ्यांच्या सरावासाठी आमचा खेळ नेला होता. सोबत तक्ताही गेला, कोणती तुकडी जास्तीत जास्त किती बनवता येईल याचा. रणगाडे बारा, तोफा आठ, रुग्णवाहिका तीन. सराव संपला, तक्ता फायलीत राहिला. लढाई तोंडाशी आल्यावर घाईघाईत कुणीतरी तोच पुढे केला. ‘इतके नेमके आकडे होते हो, आम्हाला वाटलं अभ्यास करूनच काढले असणार,’ बाई म्हणाल्या.

आमच्या साहेबांचं म्हणणं, मर्यादा खेळाचा तोल राखायला असतात, आपण कुणाला फसवलेलं नाही. रणगाड्यांच्या बाबतीत ते खरंच आहे.

पण तो तीन तोलासाठी नव्हता, दादा. हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं, पट्ट्या आणि टोपीत वेळ काढला. मी खेळ बनवत होते तेव्हा तू सुट्टीवर आला होतास, माझ्या टेबलाशी बसून आठवडाभर खेळत होतास, आठवतं? तोफा सोडून नुसत्या रुग्णवाहिका बनवायचास. तुझी जखमी माणसं दोन खेळ्यांत बरी होऊन माझ्यासमोर पुन्हा उभी. ओळीने नऊ डाव मला हरवलंस आणि वर म्हणालास, ‘छोटे, लढाई ड्रायव्हर जिंकतात.’ दहाव्या डावाआधी, तू चहा आणायला गेलास तेव्हा, मी मर्यादा तीनवर आणली. तू हरलास. मी टाळ्या पिटल्या. तो आकडा मग तसाच ठेवला, कारण जिंकणं गोड लागलं होतं.

तीनच का, याला दुसरं कारण नाही. आणि तीन असल्या की काय होतं, तेही मला पाठ आहे. साधारण सहाव्या खेळीला एक गाडी पडते. उरलेल्या दोन धावत राहतात, पण पुरत नाहीत. मग दुसरी पडते. असे शेकडो डाव मी चाचणीत पाहिलेत, पडलेल्या गाड्यांची नोंद करत. आता त्या तीन गाड्यांपैकी एकीत तू बसलेला दिसतोस.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिचं एकच पालुपद, ‘तो गाडी चालवतो, बंदूक नाही, त्याच्यावर कोण कशाला नेम धरेल?’ मी मान हलवते.

बाईंना सगळं सांगितलं, चहाच्या कपासकट. त्या म्हणाल्या, ‘हेच उद्या समितीपुढे बोलाल?’ मी हो म्हटलंय. साहेब म्हणतात, नोकरी जाईल. जाऊ दे.

हे पत्र पुरवठ्याच्या ट्रकबरोबर पाठवतेय, उद्या सकाळी तुझ्या हाती पडेल. ज्या पुलावरून जखमी आणायचे असं तू कळवलं होतंस, तिथे जाऊ नकोस असं लिहून खोडलं. तू ऐकणार नाहीस.

समिती दहाला बसेल. त्यांना पटलं, तर गाड्या बाराला आगारातून सुटतील आणि चारपर्यंत तुमच्याकडे पोचतील. तुझी पुलावरची पहिली फेरी संध्याकाळी पाचला आहे.

दहावा डाव तुला परत करायला निघालेली,
तुझी छोटी