रुक्माबाईचा एकच गुण

मंगळवार, १२ ऑगस्ट
इमर्जन्सीत आज पाय ठेवाले जागा नाही. सगळे तापाचेच. नव्या डॉक्टर सरांनी भिंतीवर चार्ट लावला आहे. ताप, कमी बी.पी., उलटी, हुडहुडी, पासष्टच्या वर वय. प्रत्येकाचे गुण. दोन झाले तर रक्तात जंतू असू शकतात, जंतू वाढतात का पाहायला कल्चरला रक्त घ्यायचं. कमी असले तर नाही. विचारून गुण मांडायचं काम माझं. बरं वाटते. अंदाजावर चालत नाही आता.
११ वा. रुक्माबाई, बाजारहत्नूरच्या. अंगणवाडीत आया. वय ५२. ताप १०२, लघवीला जळजळ. सोबत मुलगी वनिता. मी विचारलं, "थंडी वाजून राह्यली का?" "नाही बाई."
सर : "सिस्टर, स्कोर कितना?" "एक." तापाचा तेवढा. गोळ्या दिल्या, घरी.
जाताना मलाच म्हणाल्या, "जेवली का तू?"

बुधवार, १३
दुपारी रुक्माबाई परत. ऑटोतून उचलून आणल्या. मी ओळखलंच नाही. बी.पी. ७०, हातपाय गार, वनितालाही ओळखेनात. कल्चरच्या दोन बाटल्या घेतल्या, लगेच ॲन्टिबायोटिक. मला शीर सापडेना. दुसऱ्या सिस्टरनं सलाईन लावलं.
वनिता भिंतीला टेकून बोलून राह्यली होती. "काल पहाटे हुडहुडी भरली तवाच मी भेली. खाट हालून राह्यली होती. दोन गोधड्या टाकल्या."
"मग काल सांगितलं काऊन नाही?"
"तुमी विचारलं तवा थांबली होती."
पुढं काय केलं आठवत नाही. रजिस्टर भरलेलं आहे, अक्षर माझंच.

गुरुवार, १४
बाटली पॉझिटिव्ह. लघवीतले जंतू रक्तात गेले. 
चार्ट परत वाचला. तीनदा. 'हुडहुडी भरली होती का' असं लिहिलं आहे. मी 'वाजून राह्यली का' विचारलं. तो एक गुण धरला असता तर दोन झाले असते.
सरांना सांगितलं. त्यांनी कोरा कागद पुढे केला. मग, "लिखकर दो." दारापर्यंत गेली तर मागून म्हणाले, "मैंने भी नहीं पूछा, सिस्टर."

शुक्रवार, १५
किडनी साथ देत नाही. सकाळपासून लघवी नाही.
वनिताले बाकावर बसवून सगळं सांगितलं. मी नीट विचारलं नाही, म्हणून रक्त घ्यायचं राहिलं. वाटलं, ओरडेल. तिनं एवढंच विचारलं.
"मंगळवारी घेतलं असतं तर माय आज बोलली असती?"
"माहीत नाही." खरंच नाही. सरांनाही नाही.
ती उठली, पदर नीट केला. "शुद्धीवर आली की तुमीच सांगा तिला. मी नाही सांगणार."
हो म्हटलं.
५ वा. नळीच्या पिशवीत थोडी लघवी उतरली. दोन बोटं असेल. ड्यूटी संपली. रुक्माबाईच्या खाटेपाशी बसून आहे.