नऊ आकडे

प्रिय नयन,

'प्रिय' लिहून पेन थांबला. खोडणार होते, पण कॉलेजात तीन वर्षं तुला हेच लिहीत आले, तेव्हा राहू दे.

महागावजवळ आमच्या तांड्याच्या नाल्यावर पूल होतोय आणि त्याचा इंजिनिअर तू आहेस, हे मला बापूनं सांगितलं. तो रोज तुला चहा नेऊन द्यायचा. "तुह्याच कॉलेजातला हाय, मोठा भला दिसते," म्हणाला. लेकीचं वर्ष कोणी खाल्लं, हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

तिसऱ्या वर्षाचा तो पेपर तुला आठवत असेलच. भरारी पथक दारात आलं आणि तुझी बारीक झेरॉक्सची पट्टी माझ्या उत्तरपत्रिकेखाली सरकली. साहेबांनी विचारलं, कोणाची? तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. "मले नाही माहीत सर, तिचीच असंन." तेवढ्यावर माझं वर्ष गेलं आणि तू वरच्या वर्गात जाऊन बसलास.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मी सगळ्यांना सांगत फिरले. पण मी तरी कुठली संन्याशीण! काँक्रीटच्या प्रॅक्टिकलला काँक्रीटचे ठोकळे, म्हणजे क्यूब, दाबून फोडायचं मशीन बंद होतं. "किती वजनाला फुटले, ते आकडे भरून टाका," सर म्हणाले, आणि मी नऊ आकडे मनानं भरले. सातवा ७४९, बापूच्या मोबाइलचे शेवटचे तीन अंक. तू माझी जर्नल दोन दिवस नेलीस आणि जशीच्या तशी उतरवलीस.

आता मी सरकारी गुणनियंत्रणात आहे. पुलांच्या क्यूबच्या चाचणीचे दाखले माझ्याच टेबलावर येतात. गेल्या आठवड्यात तुझा आला. नऊ आकडे, त्याच क्रमानं, आणि सातवा ७४९. माझ्या भावाची लेक पायल उद्या त्याच पुलावरून शाळेत जाणार. आधी राग यायला हवा होता. पण खरं सांगते, आधी आनंद झाला. खूप झाला. खुर्चीत बसून एकटीच हसले. मग सोमवारी खांबातून नमुना काढायला लावला. तो नखानं खरवडला गेला, तेव्हा हसू गेलं.

परवा तुझा फोन आला. "रंजू, जुनी वळख हाय आपली, सही करून टाक न." मी फोन ठेवून दिला, माझं उत्तर हे आहे. अहवाल आज सकाळी वर गेला. नुसता कच्चा नमुना दाखवला असता तर तू सगळं सिमेंटवर ढकललं असतंस, म्हणून सोबत माझी जर्नल जोडलीय. खाली सही करून लिहून दिलंय की हे आकडे मी मनानं भरले होते. माझीही चौकशी लागेल. लागू दे. बापूलाही सगळं सांगितलंय, तुझा चहा बंद झालाच असेल. आता तुला समोर बसवून विचारतील, हे आकडे कोणाचे? घाबरू नकोस. तेव्हा म्हणालास तेच म्हण, तिचेच असतील म्हण. या वेळी ते खरं आहे.

तुझीच, एक वर्ष मागे राहिलेली,
रंजिता