आईच्या व्यवसायाचा रकाना

आई,

सोमवार, तेरा ऑक्टोबर, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. मी मुद्दाम भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं, कारण ज्या क्षणी आपला संताप होतो त्याची वेळ टिपून ठेवावी ही माझी जुनी खोड आहे. तालुक्याच्या एका कचेरीत, पहिल्या मजल्यावर, माझ्या डोळ्यांदेखत कान्हे गावच्या एका बाईच्या अर्जावर ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘गृहिणी’ असं लिहिलं गेलं. ही कुणी परकी बाई नाही. तुझ्या शेजारी बसून शेंगदाणे पाखडायची ना ती कान्ह्याची मावशी, तिची ही धाकटी सून. आता पन्नाशीला आली आहे. सासूनंतर तीच त्या चिक्कीच्या कारखान्यात कामाला लागली आणि गेली तेवीस वर्षं कढईपाशी उभी आहे, तू उभी राहायचीस तिथेच.

कारखाना बंद झाला, आई. म्हाताऱ्या मालकाच्या मुलांना भट्टीचा धूर नको आहे. बाहेरून तयार माल आणतात, आपला छाप मारतात आणि हायवेवरच्या दुकानात विकतात. भट्टीच्या जागी गाड्या लावायची सोय होणार आहे. अकरा बाया एका दिवसात घरी बसल्या. त्यातल्या या सुनेने डोकं लढवलं: लहान उद्योगांसाठी बांधलेल्या गाळ्यांपैकी एक रिकामा आहे, अनुभवी कारागिरांसाठी राखून ठेवलेला. तो मिळाला तर अकराजणी मिळून स्वतःची भट्टी पेटवतील. माझ्याकडे आली आणि म्हणाली, “बाई, तुमी संगं चला. तुमच्यापुढं कोन आडवं बोलत न्हाई.” माझी ही ख्याती लोणावळ्यापासून कान्ह्यापर्यंत पोचली आहे हे ऐकून मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

कचेरीत टेबलामागे बसलेली अधिकारी निघाली माझीच विद्यार्थिनी. बारावीला माझ्याकडे अर्थशास्त्र होतं तिला. उठून उभी राहिली, “टीचर, बसा ना,” म्हणाली, चहा मागवला. मी मनात म्हटलं, काम झालं. मग तिने सुनेला विचारलं, “मावशी, तुम्ही काय करता?” आणि ही बाई, जिच्या हातची चिक्की मुंबई-पुण्याचे लोक डबे भरभरून नेतात, ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “काय न्हाई म्याडम, घरीच असते. चिक्कीत जरा हातभार लावते, इतकंच.”

लिहिलं. गृहिणी. मी खुर्चीतून उठलेच. म्हटलं, हे खोडा. तर ती पोरगी शांतपणे म्हणाली, “टीचर, त्या स्वतःच म्हणाल्या घरी असते. मी माझ्या मनाने कसं लिहू? ज्याचा पुरावा नाही ते कागदावर घ्यायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत.” मग अनुभवाचा दाखला मागितला. तो मालक देत नाही. विचारायला गेलो तेव्हा त्याचा थोरला मुलगा हसून म्हणाला होता, “दाखला कसला? मावशी आमच्या घरच्याच. मस्टरवर कधी नव्हत्याच त्या.” तेवीस वर्षं घरची म्हणून राबवायची आणि जाताना घरची म्हणूनच कागद नाकारायचा.

जिना उतरताना मी तिला फैलावर घेतलं. “तुझी जीभ काय भट्टीवर ठेवून आलीस?” तिचा नवरा टेम्पो चालवतो, साधा माणूस, कागदांची पिशवी सांभाळत मागून येत होता. तो म्हणाला, “बाई, हिला घरी बोलायला लावा, थांबायचं नाव न्हाई. हापिसात आली की मुकी.” ती त्याच्यावर खेकसली, “तू गप रं.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “रागवू नका बाई. म्याडमनं इचारलं आन् तोंडातनं तेच निघालं. रेशनकार्डावर तेच, पोराच्या शाळेत तेच, दवाखान्यात बी तेच. इतकी वर्सं तेच सांगत आले.” आणखी दोन पायऱ्या उतरल्यावर थांबली. “तुमच्या आयनं तरी कदी सांगितलं व्हतं का?”

नवरा-बायकोला स्टेशनवर सोडून मी रिक्षा केली आणि घरी येईपर्यंत रिक्षावाल्याशी दोनदा भांडले.

तू नव्हतंस सांगितलं, हे खरंच आहे. पण तुला कुणी विचारलंही नव्हतं. विचारलं होतं ते मला.

मी दहा वर्षांची आहे. कॉन्व्हेंटच्या ऑफिसात लाल फरशी आहे, तिला मेणाचा वास येतो. वरच्या वर्गाचा फॉर्म भरायला पालकांना बोलावलं आहे. आप्पा रेल्वेत, खंडाळ्याला रुळांची देखभाल करणाऱ्या गँगवर, त्यांना रजा नाही, म्हणून तू आली आहेस, भट्टीवरून थेट, कारण दुपारची कढई चढायच्या आत परत जायचं आहे. तुझ्या केसांना करपलेल्या गुळाचा वास आहे. उजव्या तळव्यावर पाकाचा थेंब पडून फोड आला आहे, त्यावर हळद. माझ्या मागे रांगेत बंगल्यांतल्या मुलींच्या आया आहेत, त्यांना पावडरचा वास येतो. सिस्टर इंग्रजीत विचारतात, तुझी आई काय करते? मी इंग्रजीतच सांगते, ती घरी असते, सिस्टर. सिस्टर तुझ्या हाताकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि लिहितात. बाहेर आल्यावर तू विचारतेस, “काय इचारत व्हती गं?” मी सांगते, “आई काय करते म्हणून. मी म्हटलं घरी असते.” तू चालतच राहतेस. चर्चचं फाटक ओलांडल्यावर म्हणतेस, “बरं केलंस. त्येंना काय करायचंय.”

हे ‘बरं केलंस’ मी सत्तावन्न वर्षं जवळ बाळगून आहे. ते परवानगी म्हणून वापरलं, ढाल म्हणून वापरलं. त्यात तुला काही लागलं होतं का, हे विचारायचं मात्र टाळलं.

त्याच वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत तू मला कारखान्यात नेलं होतंस. आत ऊन नव्हतं तरी डोळ्यांची आग होत होती. एका बाजूला बाया, जमिनीवर, सुपं घेऊन. दुसऱ्या बाजूला मोठा पाट आणि त्यावर लाटणं फिरवणारा कारागीर. त्याला सगळे कारागीर म्हणायचे, त्याचं नाव मस्टरवर होतं, दिवाळीला त्याला कापड मिळायचं. तू ‘हाताखालची बाई’. पण मी दुपारभर पाहत होते. गूळ उकळायला लागला की कारागीर लाटणं ठेवून तुझ्याकडे बघत उभा राहायचा. “वैनी, उतरू का?” तू थंड पाण्याच्या वाटीत थेंब टाकायचीस, बाहेर काढून दाताखाली धरायचीस आणि म्हणायचीस, “थांब. वला हाय आजून.” तो थांबायचा. तू मान हलवलीस की कढई उतरायची, त्याआधी नाही. लोणावळ्याच्या हवेत पाक फसवतो. पावसाळ्यात तोच पाक जास्त वेळ ठेवावा लागतो, नाहीतर चिक्की दुकानात जाईपर्यंत चिकट होते, हे तू मला समजावलं होतंस. किती जास्त, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. ते तुझ्या दातांना कळायचं. अख्ख्या कारखान्याचा माल तुझ्या मानेवर अवलंबून होता आणि दिवाळीला तुला मिळायचा तुकड्यांचा डबा. ते तुकडे मी कंपासपेटीत लपवून शाळेत न्यायचे आणि विचारलं तर विकत आणले म्हणायचे.

पुढे मी काय शिकवलं, ठाऊक आहे? देशाचं उत्पन्न कसं मोजतात ते. फळ्यावर लिहायचे की बायकांचं किती तरी काम हिशेबातच येत नाही, आणि जे हिशेबात येत नाही त्यासाठी कुणी रस्ता बांधत नाही, बस सोडत नाही, पाळणाघर काढत नाही. पोरं मान डोलावून लिहून घ्यायची. हे मी पुस्तकातून शिकले असं सगळ्यांना वाटायचं. मी ते आपल्या गल्लीत शिकले होते. आपल्या गल्लीतल्या चार बाया भट्टीवर जाऊ लागल्या आणि पाच-सहा वर्षांत त्या चार घरांतल्या मुली सातवीच्या पुढे गेल्या. एक नर्स झाली, एक पोस्टात लागली, एक मी. पलीकडच्या गल्लीतल्या पुरुषांना पगार आपल्या आप्पांइतकाच होता, पण तिथल्या मुली सोळाव्या वर्षी लग्न होऊन गेल्या. हा फरक कशामुळे पडला हे मी मुलांना परक्या देशांची उदाहरणं देऊन समजावत राहिले. आपली गल्ली एकदाही फळ्यावर आणली नाही.

आणि लग्नानंतर सासूबाई नोकरी सोड म्हणाल्या, मीही कंटाळून हो म्हणायच्या बेतात होते, तेव्हा तू, जी कधी आवाज चढवायची नाहीस, माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणालीस, “घरी बसनार? मंग मी हात कशापायी भाजला?” तळवा पुढे केला होतास. फोडाचा पांढरा डाग होता. मी नोकरी सोडली नाही. माझी दोन्ही मुलं, हे घर, या गॅलरीतून दिसणारा डोंगरसुद्धा, सगळं त्या एका वाक्याचं आहे.

तू गेल्यानंतर इथे काय झालंय सांगते. रस्ता एवढा रुंद झाला की पलीकडे जायला जीव मुठीत धरावा लागतो. बंगले, हॉटेलं, डोंगर कापून आणखी बंगले. पाहुण्यांना हे सगळं विकासासारखं दिसतं. पण तुझ्या माहेराकडे, आंदर मावळात, सकाळची एसटी उशिरा येते आणि संध्याकाळची लवकर निघते. मधल्या वेळात कुठल्याही कामाची पाळी बसत नाही. पदवी घेतलेल्या पोरी तिथे भात लावतात, गुरं बघतात आणि कुणी विचारलं की सांगतात, काही नाही, घरीच असते. माझ्या इमारतीतही तेच. चौथ्या मजल्यावर एक इंजिनियर सून आहे, तीन वर्षं मुलाला सांभाळत बसली आहे. मी तिला टोचून बोलते, मग रात्री जेवताना स्वतःवरच चिडते, कारण तिला जायचं आहे, मूल ठेवायला जागा नाही. इतकी माणसं बाजूला बसवून हा तालुका पुढे चालला आहे म्हणतात. एका पायाने लंगडी घालत चाललाय, आणि कौतुक धावण्याचं.

असो. भाषण पुरे, मुद्द्यावर येते. माझ्या विद्यार्थिनीने पंधरा दिवसांची मुदत दिली आहे, अठ्ठावीस तारखेपर्यंत. निघताना ती म्हणाली, “टीचर, मालकाचा दाखला नसेल तर हे काम जवळून पाहिलेल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र चालेल. पण तुम्हाला ते कसं माहीत, हे त्यात स्पष्ट लिहा.” म्हणजे पोरीने वाट ठेवली होती. रागात मी तेव्हा लक्षच दिलं नाही, घरी आल्यावर आठवलं.

दिवाळी झाल्यावर मी ते लिहायला बसले. पहिला मसुदा असा झाला: ‘मी अर्थशास्त्राची निवृत्त अध्यापिका असून या व्यवसायाचा मी अभ्यास केला आहे.’ वाचला आणि फाडला. अभ्यास कसला? दुसऱ्यात लिहिलं, ‘माझ्या परिचयातील एक महिला या कारखान्यात काम करीत असे.’ तोही फाडला. आई, परिचयातील एक महिला! सदुसष्टाव्या वर्षी, नोटरीसमोर शपथ घेऊन लिहायच्या कागदापाशीही मी त्या लाल फरशीवरच उभी होते. या गावात मला ओळखणारे कितीतरी लोक आहेत, आप्पा रेल्वेत होते हे सगळ्यांना माहीत आहे. तू काय करायचीस हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. माझ्या मुलांनासुद्धा, आजी छान चिक्की करायची, एवढंच.

कान्ह्याची सून रोज फोन करते. “बाई, झालं का लिहून?” मी म्हणते, होतंय. अकरा बाया वाट बघतायत आणि मी एका वाक्यापाशी अडले आहे. ते वाक्य मला येतं: माझी आई त्या कारखान्यात कारागीर होती, पाक कधी उतरायचा हे तीच ठरवत असे, आणि हे मी स्वतः पाहिलं आहे. पण ते लिहिलं की तुझं ‘बरं केलंस’ मी मोडते. ते तू खरंच म्हणाली होतीस, की माझी लाज झाकायला म्हणाली होतीस, हे मला ठरवता येत नाही.

एक गोष्ट कबूल करायची राहिली. तुला सही करायला मी शिकवलं, आठवतं? माझ्या प्रगतिपुस्तकावर. अंगठा नको म्हणून मी हट्ट धरला आणि तू पंधरा दिवस पाटीवर गिरवलंस. मग दर सहामाहीला तू जीभ दातात धरून ती सही करायचीस आणि सगळ्यांना दाखवायचीस. त्या सहीच्या बरोबर वर आईच्या व्यवसायाचा रकाना होता. तो दर वर्षी मीच भरायचे, इंग्रजीत. तुला वाचता येत नव्हतं. काय लिहिलं आहे हे तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही, आणि तू खाली सही करत राहिलीस.

हे पत्र मी टाकणार कुठे, तेव्हा ते त्या प्रगतिपुस्तकांतच ठेवते. तरीही माझी मागणी ऐक. ते वाक्य लिहायची मला तुझी परवानगी हवी आहे, आणि ती तोंडी चालणार नाही. तोंडी परवानगीवर मी फार वर्षं काढली. लेखी हवी. सत्तावीस तारखेला, सोमवारी, संध्याकाळी पाचच्या आत. सही पुरेल. या वेळी वर काय लिहिलं आहे ते मी तुला आधी वाचून दाखवीन.