इनअटेंटिव्ह म्हणजे काय

प्रिय,

नाव लिहिलं तर चिडशील, म्हणून नुसतंच प्रिय. ठकी बरी आहे. मी शिवतोय, जेवतोय, झोपतोय. तू वेगळी राहायला गेल्यापासून मला धड वाईटही वाटत नाही. बोट बधिर झाल्यावर सुई टोचलेली कळत नाही ना, तसं. असो.

ठकीच्या बाईंनी शाळेत बोलावलं होतं. म्हणाल्या, तुमची मुलगी इनअटेंटिव्ह आहे. मी मान डोलावली आणि घरी येऊन तुझी जुनी डिक्शनरी काढली. लक्ष न देणारा, बेफिकीर. खाली वाक्यही होतं, इनअटेंटिव्ह ड्रायव्हरला वळण दिसलं नाही. म्हणजे दिसलं असतं, पण स्वारीचं लक्ष दुसरीकडे. ज्याला जमतं आणि तरी जो करत नाही, त्याच्यासाठी हा शब्द. मला पटलाच. हाक मारली की ही ढिम्म! मी तर तिला तंद्रीबाईच म्हणायचो.

परवा तिच्या फ्रॉकचं माप घेत होतो. उजवीकडून म्हटलं, हात वर कर. केला. डावीकडून म्हटलं, तर काही नाही. पुन्हा उजवीकडून, पुन्हा वर. गळ्यात टेप तशीच ठेवून तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. मागे गालफुगी झाली होती ना, तेव्हाच डावा कान गेला म्हणे. आता येणार नाही. उजवा खणखणीत आहे. वेडीला वाटायचं, सगळ्यांना एकाच कानाने ऐकू येतं. मला रडूही आलं नाही गं. घरी येऊन काज करत बसलो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. तू स्पीकर बंद करायला लावून तिला एकटीला काहीतरी विचारलंस, आठवतं? तिचे हात रंगाने बरबटलेले, म्हणून फोन मीच तिच्या कानाला धरला होता. मशीनवरून उठायचा कंटाळा, आणि माझ्या बाजूचा कान डावा. तू फोन ठेवल्यावर ती म्हणाली, आई आज बोललीच नाही. मी वर तिलाच झापलं, लक्ष कुठे असतं तुझं! मग तुझा निरोप आला, 'माझ्याकडे राहायला येशील का' विचारलं, पोरगी गप्प बसली, मला उत्तर मिळालं. तेव्हापासून तुझा फोन नाही. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. पण तिने तुझा प्रश्न ऐकलेलाच नाही. तुझी शाल उशाशी घेतल्याशिवाय ती झोपत नाही, त्यामुळे उत्तर काय येईल ते मला माहीत आहे. पुन्हा विचार. या वेळी फोन मी उजव्या कानाला धरीन.

तुझाच,
टेलरमास्तर